मिद्यानचा यित्रो व मदयनचे हजरत शुऐब
दोन समाजांना पूज्य असलेल्या एका पुरुषाचा व त्याच्या स्थानांचा अभ्यास



शेवात महिन्याच्या १५ तारखेला एलियाहू हन्नाबीचा उरूस होतो. त्यानंतर एकदोन आठवड्यांच्या आतच शाब्बाथच्या प्रार्थनेत 'यित्रो' ही परशा वाचली जाते. सिनाय पर्वतावर दहा आज्ञा दिल्या गेल्या, त्याचे वर्णन याच परशेत आहे. बहुतेक ठिकाणी इस्राएल लोक ज्या वाचनाला उभे राहतात, त्या परशेला नाव मात्र मोशे रब्बेनूंचे नाही आणि अहरोन याजकाचेही नाही. ते आहे मिद्यान देशातील एका परक्या याजकाचे. हा मनुष्य मोशे रब्बेनूंचा सासरा होय. आपले मुसलमान बांधव याच पुरुषाला हजरत शुऐब या नावाने पैगंबर मानतात.

हा यित्रो कोण, त्याचा देश कोठे, त्याची कबर म्हणून कोणकोणती स्थाने दाखविली जातात व त्यांतील खरे किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करू. शेवटी आपल्या समाजाने यातून काय घ्यावे, हेही पाहू.

तोरातील यित्रो

आब्राहामाला कटुरेपासून जी मुले झाली, त्यांत मिद्यान हा एक होता. म्हणजे मिद्यानी लोक हे इस्राएलचे भाऊबंदच. मिसर देशातून पळालेले मोशे मिद्यानात आले व एका विहिरीजवळ बसले. तेथे याजकाच्या सात मुली बापाच्या मेंढरांना पाणी पाजावयास आल्या. धनगरांनी त्यांना हुसकावून लावले, तेव्हा मोशेंनी उठून त्यांची बाजू घेतली आणि मेंढरांना पाणी पाजले. पुढे त्यांतील सिपोरा हिच्याशी त्यांचे लग्न झाले. गेर्शोम व एलिएझेर ही दोन मुले त्यांना झाली. याच सासऱ्याची मेंढरे चारीत असता ते होरेब डोंगराकडे गेले आणि जळत्या झुडपाचे दर्शन त्यांना घडले.

धनगर एका याजकाच्या मुलींना हुसकावतात, हे थोडे नवलाचे वाटते. यावर राशीचे भाष्य असे की यित्रोने मूर्तिपूजा सोडली होती, म्हणून गावाने त्याला वाळीत टाकले होते. अशा वाळीत पडलेल्या घराने एका पळून आलेल्या परक्याला आसरा दिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तोरात या पुरुषाला यित्रो, रऊएल, होबाब अशी वेगवेगळी नावे आलेली आहेत. मिद्राशाने त्याची एकूण सात नावे मोजली आहेत. यित्रो या नावाचा संबंध 'अधिक' या अर्थाच्या शब्दाशी जोडून आपल्या ऋषींनी म्हटले आहे की या मनुष्याने तोरात एका प्रकरणाची भर घातली, म्हणून त्याचे नाव यित्रो. ताल्मुदात तर याहून पुढची गोष्ट आहे. मिसरातून सुटलेल्या सहा लाख लोकांनी परमेश्वराचा धन्यवाद करताना 'बारूख' हा शब्द उच्चारला नव्हता. तो प्रथम यित्रोने उच्चारला, आणि हे इस्राएलला कमीपणा आणणारे झाले, असे तेथे म्हटले आहे.

मोशे जावयाच्या नात्याने सासऱ्याला सामोरे गेले, त्यांनी लवून नमस्कार केला, चुंबन घेतले आणि दोघांनी एकमेकांचे क्षेमकुशल विचारले. अहरोन व सर्व वडील मंडळी यित्रोबरोबर भोजनास बसली. दुसऱ्या दिवशी यित्रोने जावयाला जी सल्ला दिली, तिचा विचार पुढे करू. सल्ला देऊन झाल्यावर तो आपल्या देशी परत गेला, असे तोरा सांगते. कबरीच्या प्रश्नात हे वाक्य महत्त्वाचे ठरते.

कुराणातील कथा

मदयनच्या लोकांकडे पाठविलेले पैगंबर म्हणून शुऐब यांची कथा कुराणात अनेक ठिकाणी आली आहे. त्यांच्या उपदेशाचा गाभा दोन गोष्टींचा आहे : ईश्वर एकच आहे, आणि मापात व वजनात खोट करू नका. मदयनचे लोक व्यापारी होते, सांडणीस्वारांच्या वाटेवर बसलेले होते. त्यांना हा उपदेश रुचला नाही व त्यांचा नाश झाला, अशी ती कथा आहे. गोड व समर्पक बोलण्यामुळे मुसलमान परंपरेत शुऐबांना 'पैगंबरांमधील वक्ता' असे म्हणतात.

कुराणाच्या अठ्ठाविसाव्या सूऱ्यात हजरत मूसांची विहिरीची कथा निराळी येते. तेथे मुली सात नसून दोन आहेत. त्यांचा बाप वृद्ध आहे. मूसा मेंढरांना पाणी पाजतात, मग त्या दोघींपैकी एक लाजत येऊन त्यांना घरी बोलावते. आठ वर्षे चाकरी कर, दहा पूर्ण केलीस तर तो तुझा चांगुलपणा, अशा बोलीवर बाप मुलगी देऊ करतो. या वृद्धाचे नाव कुराणात दिलेले नाही. तो शुऐबच असे बहुतेकांनी मानले. परंतु हे मत सर्व मुसलमान पंडितांना पटलेले नाही. शुऐबांचा काळ मूसांच्या फार आधीचा, असे काहींचे म्हणणे आहे.

तेव्हा यित्रो व शुऐब एकच, हे समीकरण परंपरेने घातलेले आहे. अभ्यास करणाऱ्याने ते परंपरा म्हणूनच घ्यावे. तथापि एक देश, एक विहीर आणि एक पाहुणा दोन्ही ग्रंथांत आहे, म्हणून शेकडो वर्षे दोन्ही समाज एकाच पुरुषाचे नाव घेत आले, यात शंका नाही.

मिद्यान देश आज कोठे?

नकाशा उघडून अकाबाचे आखात पाहावे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावरील डोंगराळ मुलूख म्हणजे जुना मिद्यान. आज तो सौदी अरेबियाच्या तबूक प्रांतात येतो. त्यात अल-बद नावाचे एक ओलिताचे खोरे आहे, सभोवार खजुरीची झाडे आहेत. ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने या बाजूला मदियामा असे गाव नोंदविले आहे. आपला इतिहासकार योसेफस यानेही तांबड्या समुद्राकडील मदियान नगराचा उल्लेख केला आहे.

अरब प्रवाशांनाही ही जागा ठाऊक होती. दहाव्या शतकातील अल-मुकद्दसी लिहितो की शुऐबांच्या मेंढरांना पाणी पाजताना मूसांनी जो खडक बाजूला सारला, तो मदयनमध्ये पाहावयास मिळतो. बाराव्या शतकातील अल-इद्रीसी मूसांच्या विहिरीचा उल्लेख करतो. अल-बद येथे आजही एक जुनी विहीर मूसांची विहीर म्हणून दाखवितात.

याच परिसरात कुरय्या हे प्राचीन ठिकाण आहे. तेथे भाजलेली, रंगीत नक्षीची मडकी इस्राएलमधील तिम्ना येथील तांब्याच्या खाणींत सापडली. तिम्नाला १९६९ साली बेनो रोथेनबर्ग यांच्या उत्खननात मिसरी देवीचे एक छोटे देऊळ उघडकीस आले. मिसरी लोक निघून गेल्यावर मिद्यानी कारागिरांनी ते आपल्या पूजेसाठी वापरले होते. तेथे कापडाचे अवशेष मिळाले, त्यावरून त्या जागेवर तंबू उभारलेला असावा, असे अनुमान निघाले. सोन्याचा मुलामा दिलेल्या डोक्याचा तांब्याचा लहान सर्पही मिळाला. अरण्यातील दर्शनमंडप व मोशेंचा तांब्याचा सर्प आठवून अभ्यासकांचे कुतूहल वाढले, यात नवल नाही. याने यित्रोची कथा सिद्ध होते असे मात्र नव्हे. त्या काळी मिद्यानी लोक होते, तांब्याचे काम जाणत होते व त्यांची स्वतःची उपासना होती, एवढे यावरून दिसते.

शुऐबांची लेणी

अल-बद गावाच्या कडेला पिवळसर खडकात खोदलेली काही दालने आहेत. लोक त्यांना 'मगायिर शुऐब' म्हणजे शुऐबांच्या गुंफा म्हणतात. आपल्याकडील कान्हेरी किंवा कार्ल्याची लेणी पाहिलेल्यांना त्यांची कल्पना सहज येईल. डोंगर उभा कापून दर्शनी भाग सपाट केलेला, त्यात दार, वर पायऱ्यापायऱ्यांची नक्षी आणि आत भिंतीत व जमिनीत प्रेते ठेवण्याच्या खाचा असे त्यांचे रूप आहे.

१८२६ साली जर्मन प्रवासी रुपेल येथे आला व त्याने युरोपला या लेण्यांची माहिती दिली. १८७७ व १८७८ साली रिचर्ड बर्टन हा मिसरच्या खेदीवतर्फे येथे सोने शोधावयास आला. हा बर्टन तरुणपणी मुंबई लष्करात अधिकारी होता. आपल्या बेने इस्राएल सुभेदारांनी ज्या लष्करात नोकरी केली, तेच हे लष्कर. फायद्याची खाण त्याच्या हाती लागली नाही, पण मिद्यानविषयी त्याने लिहिलेली पुस्तके अभ्यासकांच्या कामी आली. पुढे १९१० मध्ये अलोइस मुसिल या चेक विद्वानाने हा प्रदेश पाहून त्याचे नकाशे केले.

आता मुख्य प्रश्न. ही लेणी यित्रोची की काय? उत्तर स्पष्ट आहे : नाहीत. ती नबाती लोकांची थडगी असून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पेत्रा येथील प्रसिद्ध लेणी याच लोकांनी खोदली. सौदी अरेबियातील हेग्रा म्हणजे मदाइन सालेह येथील थडगीही त्यांचीच, व ती २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. सौदी अरेबियातील तो पहिला वारसा. मोशे रब्बेनूंचा काळ नबाती लोकांच्या फार आधीचा. लोकांनी विहिरीची कथा ऐकलेली होती, समोर कोरलेला डोंगर होता, म्हणून दोहोंची सांगड त्यांनी घातली. आज ही जागा सौदी सरकारच्या पुरातन वारसा खात्याकडे आहे. २०१९ पासून तो देश पर्यटकांना व्हिसा देऊ लागल्यामुळे बाहेरचे लोकही तेथे जाऊ लागले आहेत.

जवळचा जबल अल-लौझ हाच खरा सिनाय पर्वत, असा दावाही हल्ली पुष्कळ ऐकू येतो. पुरातत्त्वज्ञांनी तो मान्य केलेला नाही, हे आपल्या तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मक्नाचे यहुदी

अल-बदहून पश्चिमेला समुद्रकाठी मक्ना नावाचे गाव आहे. इ. स. ६३० मध्ये हजरत मुहंमद पैगंबर तबूकच्या स्वारीवर आले, तेव्हा मक्नाला यहुदी लोकांची वस्ती होती. त्यांच्याशी झालेल्या कराराची नोंद अरब इतिहासकारांनी ठेवली आहे. यहुद्यांनी खजुराच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा, मासेमारीचा चौथा हिस्सा व बायकांनी कातलेल्या सुताचा चौथा हिस्सा द्यावा आणि त्यांना अभय असावे, असे त्यात ठरले होते.

या तीन ओळींच्या करारातून एक सबंध गाव डोळ्यांपुढे उभे राहते. पुरुष होड्या घेऊन मासे धरीत होते, बायका सूत कातीत होत्या आणि घरामागे खजुरीच्या बागा होत्या. कोकणच्या किनाऱ्यावर नारळीच्या वाड्यांत घाणे चालवीत आपल्या पूर्वजांनी जे दिवस काढले, त्याहून हे चित्र फार वेगळे नाही. यित्रोच्या देशात यित्रोच्या जावयाचे अनुयायी राहत होते व त्याच देशात शुऐबांचे नाव घेणारेही आले.

अरबस्तानात दोन समाजांचे संबंध सर्वत्र असे सामोपचाराचे राहिले नाहीत. ६२८ साली खैबर येथे यहुदी व मुसलमान यांचे युद्ध झाले. तोरातही मिद्यानची दुसरी बाजू आलेली आहे. बामिदबारच्या पुस्तकात मिद्यानी लोकांनी इस्राएलला मूर्तिपूजेच्या नादी लावले व मोठे युद्ध झाले. असे असूनही ऋषींनी परशेचे नाव बदलले नाही. ज्या राष्ट्राशी लढाई झाली, त्याच राष्ट्रातील एका भल्या माणसाचे नाव दहा आज्ञांच्या परशेवर राहू दिले. यावरून धडा घ्यावयाचा तो हाच की कोणत्याही लोकांना त्यांच्या वाईट दिवसांवरून कायमचे मोजू नये.

कबर एक, स्थाने अनेक

यित्रो आपल्या देशी परत गेला, असे तोरा सांगते. तेव्हा त्याची कबर मिद्यानातच असावयास हवी. पण ज्या कबरीला आज सर्वाधिक यात्रेकरू जातात, ती इस्राएलमध्ये तिबेरियाच्या पश्चिमेस हित्तीन येथे आहे. तिला 'नबी शुऐब' असे म्हणतात. सन १०४७ मध्ये इराणी प्रवासी नासिर-ए-खुस्रो तिबेरियाच्या बाजूला आला, तेव्हा शुऐब व त्यांची कन्या, म्हणजे मूसांची पत्नी, या दोघांच्या कबरी त्याला दाखविण्यात आल्या होत्या. ११८७ साली याच हित्तीनला सलाहुद्दीनने क्रूसवाल्यांचा पराभव केला.

यित्रो एवढा उत्तरेला कसा आला? शोफेतीमच्या पुस्तकात एक धागा मिळतो. होबाबच्या वंशातील हेबेर केनी हा आपल्या लोकांपासून निघून उत्तरेस केदेशजवळ राहिला होता. सिसरा सेनापतीला मारणारी याएल ही त्याचीच बायको. यित्रोच्या वंशजांचे एक घर गालील प्रांतात होते, अशी आठवण त्या भागात राहिली असल्यास तिच्याभोवती कबरीची कथा वाढली असेल, असे म्हणता येते.

हित्तीनच्या स्थानाचा सर्वांत मोठा मान द्रूज लोकांकडे आहे. अकराव्या शतकात इस्माइली पंथातून निघालेला हा समाज शुऐबांना आपला श्रेष्ठ पैगंबर मानतो. दरवर्षी २५ एप्रिलच्या सुमारास हजारो द्रूज तेथे जमतात. मुसलमानांनी या स्थानाला मान दिला आणि यहुदी लोकही यित्रोची कबर म्हणून तेथे जात आले. १९४८ च्या युद्धात हित्तीन गावातील मुसलमान वस्ती परागंदा झाली. त्यानंतर स्थानाची व्यवस्था द्रूज समाजाकडे आहे.

या दर्ग्यात पाऊल उमटल्यासारखा दिसणारा एक दगड आहे. ते शुऐबांचे पाऊल, अशी श्रद्धा आहे. यात्रेकरू त्या खोलगट भागात तेल ओततात व ते अंगाला लावतात. आमच्या वाचकांना लगेच अलिबागजवळचे खंडाळे आठवेल. एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या खुणा तेथील खडकावर आहेत, असे आपले वाडवडील सांगत आले व आपण तेथे मलीदा करतो. दोन्हीकडे खडक बोलत नाही, माणसांची श्रद्धाच बोलते.

स्थाने आणखीही आहेत. जॉर्डनमध्ये अस्-सल्त शहराजवळ वादी शुऐब म्हणून खोरे आहे, तेथेही नबी शुऐबांचा दर्गा आहे. येमेनमधील ३,६६६ मीटर उंचीच्या शिखराला जबल अन्-नबी शुऐब असे नाव आहे. अरबी द्वीपकल्पातील हे सर्वांत उंच शिखर होय. एका पुरुषाला इतकी विश्रांतिस्थाने कशी, असे हसून विचारणारे भेटतील. त्यांना सांगावे की प्रत्येक गावाला असा एक मोठा माणूस आपल्याजवळ असावासा वाटला, म्हणून इतकी स्थाने झाली.

अल-बदला घुमट का नाही?

ज्या देशात मिद्यान आहे, तेथेच यित्रोचा दर्गा नाही, हे प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. त्याचे एक कारण धार्मिक आहे. सौदी अरेबियात मान्य असलेल्या मतानुसार कबरीवर घुमट उभारणे, तेथे नवस बोलणे हे एकेश्वर उपासनेला बाधक मानले जाते. म्हणून मदिना येथील बकी कबरस्तानावरील घुमट १९२५-२६ च्या सुमारास उतरविण्यात आले. जेद्दा येथे आदिमाता हव्वेची म्हणून दाखविली जाणारी लांबलचक कबर होती, तीही १९२८ मध्ये पाडण्यात आली. अनेक देशांतील मुसलमानांना याचे फार दुःख झाले.

आपण या वादात पडू नये. मात्र असा प्रश्न आपल्या धर्मातही आहे. देवारीमच्या शेवटच्या अध्यायात मोशे रब्बेनूंच्या मृत्यूचे वर्णन आहे व त्यांची कबर कोणालाही ठाऊक नाही, असे तेथे सांगितले आहे. लोकांनी तिची पूजा करू नये म्हणून ती गुप्त राहिली, असे भाष्यकार म्हणतात. जावयाच्या कबरीचा पत्ता नाही आणि सासऱ्याच्या कबरी चार ठिकाणी दाखवितात! श्रद्धास्थानी जावे, दिवा लावावा, मलीदा करावा, पण मागणे मागावयाचे ते परमेश्वरापाशीच, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा दंडक या दोन टोकांमधली योग्य वाट दाखवितो.

दोन शिकवणी

कबर नक्की कोठे, हे सांगता येत नाही. शिकवण मात्र दोन्ही ग्रंथांत नक्की आहे.

पहिली शिकवण मापाची. शुऐबांनी मदयनच्या व्यापाऱ्यांना पुरते माप भरण्यास सांगितले. तोरात वायिक्रा व देवारीम या दोन्ही पुस्तकांत खरा ताजवा व खरी वजने ठेवण्याची आज्ञा आहे. थैलीत एक जड व एक हलके असे दोन प्रकारचे दगड नसावेत, असे तेथे बजावले आहे. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद, ही त्यांची ओळख होती. परंतु तेली म्हणून गावात टिकावयाचे तर आणखी एक गोष्ट लागते : माप. सहा दिवस माप खोटे आणि सातव्या दिवशी घाणा बंद, असे झाले असते तर त्या शाब्बाथला गावाने कवडीची किंमत दिली नसती. आज घाणे गेले. आता हिशेबाची वही, फ्लॅटचा व्यवहार, नोकरीतील तास व संस्थेची पावती ही आपली मापे आहेत.

दुसरी शिकवण यित्रोच्या सल्ल्याची. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटे न्यायाला बसत आणि लोक उभे राहून ताटकळत. यित्रोने हे पाहिले व स्पष्ट सांगितले की हे बरे नाही, तूही थकशील व लोकही थकतील. कर्तबगार, देवभीरू, सत्यप्रिय व लाच नाकारणारी माणसे निवडून त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नेम, अवघड कज्जे तेवढे स्वतःकडे घे, असा त्याचा सल्ला होता. सहा लाख माणसांचा हिशेब ताल्मुदात मांडला आहे. हजारांचे ६००, शंभरांचे ६,०००, पन्नासांचे १२,००० व दहांचे ६०,००० मिळून ७८,६०० माणसे कामाला लागली.

परमेश्वराशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या मोशेंनी ही सल्ला एका परक्याकडून घेतली. तुला आमचे काय कळते, असे ते म्हणाले नाहीत. सासऱ्यानेही सर्वांदेखत जावयाचा पाणउतारा केला नाही. परमेश्वराची आज्ञा असेल तर असे कर, एवढे सांगून तो थांबला.

आपल्यासाठी

आपल्या समाजातही ही वाटणी जुनी आहे. दावीद रहाबी यांनी झिराड, राजपुरी व शापूर येथील तीन घराण्यांना काजीपद दिले, असे आपली परंपरा सांगते. काजी गावोगाव फिरून लग्न-मयतीचे विधी व तंटे पाहत. गावात मुकादम व चौगुला, मशिदीत हाझान व गब्बाय असत. प्रत्येकाला काम होते आणि प्रत्येक कामाला माणूस होता.

आज बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. येथे राहिलेल्या थोड्या लोकांत एकच गृहस्थ हाझानचे काम करतो, किल्ल्या सांभाळतो, हिशेब लिहितो, कबरस्तानाची व्यवस्था पाहतो आणि मिन्यानसाठी दहावा माणूस मिळावा म्हणून फोनही करतो. आपण त्याची स्तुती करतो व घरी जातो. यित्रो असता तर त्याने स्तुती केली नसती. हे बरे नाही, असेच तो म्हणाला असता. एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली मशीद त्या माणसाच्या आजारपणाबरोबर बंद पडते. दहांवरचा अधिकारी व्हावयास विद्वत्ता लागत नाही. एक शाब्बाथ, एक यादी, एक किल्ली एवढे ज्याने पत्करले, तो त्या ७८,६०० मध्ये जमा झाला असे समजावे.

आणखी एक गोष्ट. आपल्या प्रार्थनास्थानाला आपण मशीद म्हणतो, एलियाहूच्या यात्रेला उरूस म्हणतो, नैवेद्याला मलीदा म्हणतो. हे शब्द आपण शेजाऱ्यांबरोबर राहून घेतले, पण शाब्बाथ सोडला नाही. शेजाऱ्याचा शब्द घेतल्याने आपला धर्म पातळ झाला नाही. यित्रोची सल्ला घेतल्याने तोराही पातळ झाली नाही. मुसलमान शेजारी शुऐबांचे नाव घेईल, तेव्हा आमच्याकडे त्यांना यित्रो म्हणतात व आमची एक परशा त्यांच्या नावाची आहे, असे त्याला अवश्य सांगावे. तो माणूस आनंदेल आणि बोलण्याला एक चांगली सुरुवात होईल.

विचारासाठी प्रश्न

१. दहा आज्ञांच्या परशेला परक्या याजकाचे नाव का राहिले असावे?
२. अल-बदची लेणी यित्रोच्या काळची नाहीत, हे कळल्यावर त्या जागेविषयीचा आदर कमी व्हावा काय?
३. यित्रोने सांगितलेल्या चार गुणांपैकी कोणता गुण आज सर्वांत दुर्मीळ आहे?
४. आपल्या मशिदीतील कोणते एक काम आपण या महिन्यापासून पत्करू शकता?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत न लिहिता गब्बायला जाऊन सांगितल्यास हा पाठ पुरा झाला असे समजू.

शालोम.